भावाचं कातडं, चित्त्याचं कातडं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या धाकट्या भावाच्या हाडांतली मज्जा नवं रक्त तयार करायची थांबली. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कुणाची तरी मज्जा द्यावी लागेल, आणि ती जुळायला हवी. सगळ्यांत आधी सख्ख्या भावंडांची तपासणी करायची. आम्ही तिघं भावंडं. थोरली आपा, मधला मी आणि शेवटचा हा. आपा आणि मी मुंबईला जाऊन रक्त देऊन आलो. निघताना मी त्याला म्हणालो, "काळजी करू नकोस, माझंच जुळणार बघ." लहानपणापासून लोक आम्हा दोघा भावांना जुळे समजत. तेच नाक, तेच कपाळ. फोनवर तर आईसुद्धा फसायची.

अहवाल आला. कागदावर अक्षरं आणि आकडे यांच्या तीन रांगा होत्या, एकेका भावंडाची एकेक. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्या रांगेवर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, तुमचं एकही जुळत नाही."

"अर्धंसुद्धा नाही?"

"नाही. चारात एक वेळ असं होतं. चारात एक वेळ पूर्ण जुळतं, दोन वेळा अर्धं जुळतं आणि एक वेळ अजिबात नाही. तुमच्या बहिणीचं मात्र पूर्ण जुळलंय."

आपा आनंदानं रडायला लागली. मलाही आनंद झाला, पण आत कुठेतरी काहीतरी बोचलं. एका आईच्या पोटचे, एका ताटात जेवलेले आम्ही, आणि माझ्या हाडातली मज्जा त्याच्या शरीरात गेली असती, तर तिनं त्याचा जीव घेतला असता. मी बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. विज्ञानाशी संबंध शाळेतच संपला. पण त्या कागदानं मला स्वस्थ बसू दिलं नाही. दोन भावांच्या मध्ये निसर्गानं ही भिंत कशासाठी घातली असेल? याचं उत्तर शोधता शोधता मी उंदरांपाशी, कुत्र्यांपाशी, चिंपांझीपाशी आणि शेवटी चित्त्यापाशी जाऊन पोचलो. तीच हकीगत आज सांगायची आहे.

ही भिंत माणसाला नीट दिसली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४० सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड गावात एक लष्करी विमान वस्तीजवळ कोसळलं. जवळच्या एका घराच्या बागेत पीटर मेडावर नावाचे तरुण प्राणिशास्त्रज्ञ बायकोमुलीसह बसले होते. विमानातला जवान भयंकर भाजला होता. भाजलेल्या माणसाला नवं कातडं हवं, पण त्याच्या स्वतःच्या अंगावर पुरेसं कातडंच उरलेलं नसतं. मग दुसऱ्याचं लावता येईल का, असा प्रश्न डॉक्टरांनी मेडावर यांच्यापुढे टाकला.

पुढे मेडावर ग्लासगोला गेले आणि तिथले शल्यचिकित्सक थॉमस गिब्सन यांच्याबरोबर काम करू लागले. तिथे एक भाजलेली तरुण स्त्री होती. तिच्या जखमेवर त्यांनी काही ठिगळं तिच्या स्वतःच्या कातड्याची लावली आणि काही तिच्या भावाच्या कातड्याची. पहिले काही दिवस दोन्ही ठिगळं सारखीच गुलाबी, सारखीच जिवंत दिसली. मग बहिणीची स्वतःची ठिगळं रुजली आणि भावाची झडू लागली. त्यांनी भावाची ठिगळं दुसऱ्यांदा लावली. ती आणखी लवकर झडली. म्हणजे शरीरानं परक्याला नुसतं ओळखलं नव्हतं, त्याची आठवणही ठेवली होती. १९४३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अवयव नाकारणं हे प्रतिकारशक्तीचं काम आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. मेडावर यांना १९६० साली नोबेल मिळालं. मी हे वाचलं तेव्हा त्या अनाम भावाचा विचार माझ्या मनातून जाईना. त्यानं मांडीवरचं कातडं काढून दिलं आणि ते बहिणीनं दोनदा नाकारलं. दोष दोघांचाही नव्हता.

पण शरीर परक्याला ओळखतं ते कशावरून? याचं उत्तर उंदरांनी दिलं, आणि ते उंदीरही कसे, तर हौसेनं पाळलेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅनबी नावाच्या खेड्यात ॲबी लेथ्रॉप नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. रंगीबेरंगी उंदीर वाढवून विकणं हा त्यांचा धंदा. प्रयोगशाळाही त्यांच्याकडून उंदीर घेऊ लागल्या. आज जगभरच्या प्रयोगशाळांत असलेल्या उंदरांच्या कितीतरी जाती त्यांच्या कोठारापर्यंत जाऊन पोचतात. १९०९ साली क्लॅरेन्स लिटल या तरुणानं हार्वर्डमध्ये उंदरांच्या भावाबहिणींचाच संकर पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवला. अशा वीस पिढ्या गेल्या, की त्या घराण्यातले सगळे उंदीर जवळजवळ एकाच साच्यातले होतात. मग एकाचं कातडं दुसऱ्याला लावलं तरी ते झडत नाही. दुसऱ्या घराण्यातल्या उंदराचं लावलं, की झडतं.

लंडनमध्ये पीटर गोरर यांनी १९३६ साली उंदरांच्या रक्तपेशींवर एक खूण शोधली. तिला त्यांनी दोन क्रमांक दिला. ही खूण ज्यांची जुळते त्यांच्यातच गाठीचं कलम रुजतं, हे पुढे त्यांच्या लक्षात आलं. तिकडे अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉर्ज स्नेल हेच काम दुसऱ्या वाटेनं करत होते. दोघं एकत्र आले आणि १९४८ साली ‘एच-टू’ हे नाव कायम झालं. त्याच्या आदल्याच वर्षी बार हार्बरला वणव्यात ती प्रयोगशाळा जळाली होती आणि हजारो उंदीर त्यात गेले होते. पण त्या घराण्यांचे उंदीर आधीच इतर प्रयोगशाळांना वाटलेले होते. तिथून ते परत आले आणि काम पुन्हा उभं राहिलं. एकाच घरात सगळं धान्य ठेवू नये, असं आपल्याकडची म्हातारी माणसं सांगत, ते उगाच नाही.

माणसातली खूण सापडायला १९५८ साल उजाडलं. पॅरिसमध्ये जाँ दोसे यांच्या लक्षात आलं, की ज्यांना वारंवार दुसऱ्यांचं रक्त चढवलं आहे, त्यांच्या रक्तद्रवात इतरांच्या पांढऱ्या पेशी गोळा होऊन बसतात. स्वतःच्या पेशींना मात्र काही होत नाही. त्याच वर्षी हॉलंडमध्ये यॉन व्हान रूद आणि अमेरिकेत रोझ पेन यांना हीच गोष्ट बाळंतिणींच्या रक्तात दिसली. मूल अर्धं बापाचं असतं. आई त्याला नऊ महिने पोटात वाढवते, आणि तिच्या रक्तात त्या परक्या अर्ध्याची नोंदही होऊन जाते. मग देशोदेशीचे शास्त्रज्ञ आपापल्याकडचे रक्तद्रव घेऊन एकत्र बसू लागले. अशी पहिली कार्यशाळा १९६४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात झाली. या खुणांना एचएलए असं नाव मिळालं. माझ्या हातातल्या कागदावरची अक्षरं तीच होती.

इथे कुत्र्यांचेही उपकार सांगायला हवेत. डॉनल थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं कुत्र्यांवर मज्जारोपणाचे प्रयोग केले. एकाच वेतातली पिल्लं घेतली आणि त्यांच्या खुणा जुळवून पाहिल्या, तर मज्जा रुजते. खुणा जुळल्या नाहीत, तर एक तर शरीर मज्जेला हाकलतं, किंवा नवी मज्जाच शरीरावर उलटते. १९६८ साली मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्तीच नसलेल्या एका तान्ह्या मुलाला त्याच्या जुळणाऱ्या बहिणीची मज्जा दिली आणि ते मूल जगलं. १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतात या उपचाराची सुरुवात केली. आमच्या घरापर्यंत ही वाट आली ती अशी, कुत्र्यांच्या पिल्लांवरून.

एवढं कळलं तरी माझा मूळ प्रश्न तसाच होता. शल्यचिकित्सा तर कालची. निसर्गात कुणी कुणाला कातडं देत नाही. मग लाखो वर्षं या खुणा प्राण्यांच्या शरीरात काय करत होत्या?

ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल या दोघांनी याचं उत्तर १९७४ साली जगापुढे मांडलं. तेही उंदरांवर काम करत होते. विषाणूची बाधा झालेल्या पेशींना ठार मारणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांनी एका उंदरातून घेतल्या. त्याच खुणा असलेल्या उंदराच्या बाधित पेशी त्यांनी मारल्या. वेगळ्या खुणांच्या उंदराच्या पेशींना तोच विषाणू झालेला असूनही त्यांनी हात लावला नाही. म्हणजे पांढरी पेशी नुसता विषाणू पाहत नाही, ती विषाणू आणि खूण एकत्र पाहते.

ते असं चालतं. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आत जे काही शिजतंय, त्याचा बारीक कण एका खोलगट रेणूत ठेवून दाराबाहेर धरते. द्रोणात प्रसाद धरावा तसा. गस्तीवरच्या पांढऱ्या पेशी येताजाता द्रोणात डोकावतात. घरचंच अन्न असेल तर पुढे जातात. विषाणूचा तुकडा दिसला, तर ती पेशी संपवतात. हे द्रोण म्हणजेच आपल्या खुणा. १९८७ साली या रेणूची आकृती प्रत्यक्ष मिळाली तेव्हा त्याला खरोखरच मधोमध खाच दिसली. आता प्रत्येकाच्या द्रोणाचा आकार थोडा वेगळा असतो. एकाच्या द्रोणात एका विषाणूचा तुकडा नीट बसतो, तर दुसऱ्याच्या द्रोणातून तो घरंगळून जातो. ज्याच्या द्रोणात बसला तो वाचतो. पुढच्या साथीत कदाचित उलटं होतं.

म्हणून एका घरात, एका गावात, एका जातीच्या प्राण्यांत जितके वेगवेगळे द्रोण, तितकी कुणीतरी वाचण्याची शक्यता जास्त. माणसात या जनुकांचे ४० हजारांहून जास्त प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. आमच्या दोन भावांमधली भिंत ही अशी होती. आमच्या घरात एखादी साथ शिरली असती, तर आम्ही दोघंही एकदमच बळी पडू नये, याची ती तजवीज होती.

मग शास्त्रज्ञांनी एकेका सस्तन प्राण्यात ही जनुकं शोधली. माणसात ती सहाव्या गुणसूत्रावर आहेत, उंदरात सतराव्या, गाईत तेविसाव्या, कुत्र्यात बाराव्या, घोड्यात विसाव्या. घरं वेगळी, पण घरातली मांडणी पुष्कळशी सारखी. गाईत मात्र या वस्तीचा एक तुकडा उलटा होऊन लांब जाऊन पडला आहे, आणि तरीही तो आपलं काम करतो.

सर्वांत मोठं नवल पुढे आहे. यान क्लाइन हे मूळचे चेक शास्त्रज्ञ. जर्मनीत काम करताना त्यांनी असा विचार मांडला, की या जनुकांचे काही प्रकार प्राण्यांच्या जातींपेक्षाही जुने असावेत. १९८८ साली माणूस आणि चिंपांझी यांची ही जनुकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा ते खरं ठरलं. माणूस आणि चिंपांझी यांची वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. पण वेगळं होताना दोघांनीही आजीच्या पेटीतले वेगवेगळे दागिने आपापल्या गाठोड्यात बांधून घेतले. त्यामुळे आजही असं होऊ शकतं, की या एका जनुकापुरता एखादा माणूस आपल्या सख्ख्या भावापेक्षा चिंपांझीच्या जास्त जवळचा असतो. माझ्या कागदावर एकही अक्षर जुळलं नव्हतं. म्हणजे त्या एका कोपऱ्यापुरता आफ्रिकेतल्या रानातला कुणी मावसभाऊ मला माझ्या भावापेक्षा जवळचा असेलही. हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "भाईजान, मला शंका होतीच."

आता चित्ता. चित्त्याशी माझी ओळख फार जुनी, पण ती गोष्टींतली. माझे आजोबा कोल्हापूरचे. कोल्हापूर दरबारी शिकारीचे चित्ते पाळलेले होते. त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीवर बसून माळाकडे निघाला, की पोरं मागे धावत, असं आजोबा सांगायचे. माळावर काळवीट दिसलं, की टोपी काढायची. पुढचं सगळं एका मिनिटाच्या आत संपायचं. आजोबांच्या काळापर्यंत हिंदुस्थानातला चित्ता इतका विरळ झाला होता, की संस्थानिक आफ्रिकेतून चित्ते मागवत.

विरळ होण्याचं एक मोठं कारण असं, की पाळलेला चित्ता पिल्लं देत नाही. शिकारीसाठी लागणारा प्रत्येक चित्ता रानातून धरून आणावा लागे. अकबर बादशहानं हजार चित्ते जमवले आणि त्यांची जोडी जमावी म्हणून त्यांना बागेत मोकळंही सोडलं, पण उपयोग झाला नाही, असं जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. जहांगीरच्याच काळात एका मादीला तीन पिल्लं झाली, तेव्हा त्याला ती गोष्ट नोंदवून ठेवण्याइतकी अपूर्व वाटली. त्यानंतर बंदिवासातल्या चित्त्याला पिल्लं झाल्याची नोंद सापडते ती थेट १९५६ साली, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. मध्ये तीनशेहून जास्त वर्षं गेली. भारतातले शेवटचे ज्ञात चित्ते १९४७च्या सुमारास कोरिया संस्थानात मारले गेले आणि १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं.

हे असं का होतं, याचा शोध घ्यायला दक्षिण आफ्रिकेतल्या चित्ता पैदास केंद्रानं परदेशी तज्ज्ञांना बोलावलं. त्यांत स्टीफन ओब्रायन होते. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले जनुकशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ चित्त्यांचं रक्त तपासलं. एका जातीच्या प्राण्यांत प्रथिनांचे थोडेफार वेगवेगळे प्रकार सापडतातच. इथे ४७ जनुकांची प्रथिनं तपासली आणि एकातही फरक सापडला नाही. नरांच्या वीर्यातले बहुसंख्य शुक्राणू वेडेवाकडे होते. हे १९८३ साली प्रसिद्ध झालं. रानात मोकळा हिंडणारा प्राणी आणि त्याच्यातलं साम्य मात्र प्रयोगशाळेत भावाबहिणींच्या संकरातून काढलेल्या उंदरांसारखं.

मग त्यांनी मेडावर यांचाच जुना प्रयोग केला. एकमेकांशी नातं नसलेल्या चित्त्यांच्या जोड्या घेतल्या आणि एकाच्या कातड्याचं ठिगळ दुसऱ्याला लावलं. अशी १४ ठिगळं. नियमाप्रमाणे ती दोन आठवड्यांत झडायला हवी होती. ती रुजली. चित्त्याची प्रतिकारशक्तीच अधू असेल, अशी शंका येऊ नये म्हणून साध्या मांजराचं कातडंही लावून पाहिलं. ते त्यानं नाकारलं. म्हणजे परका ओळखण्याची शक्ती शाबूत होती. दुसरा चित्ता त्याला परका वाटतच नव्हता.

इथे मी वाचता वाचता थांबलो. आमच्या घरात जे घडावं म्हणून मी रात्र रात्र दुवा मागितली होती, ते चित्त्यांना जन्मतःच मिळालेलं होतं. तिथे कुठल्याही चित्त्याची मज्जा कुठल्याही चित्त्याला चालली असती. रुग्णालय नको, कागद नको, वाट पाहणं नको. किती भाग्यवान प्राणी, असं मला क्षणभर वाटलं.

त्या भाग्याची किंमतही त्याच अहवालात होती. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या विन्स्टन इथल्या वन्यप्राणी उद्यानात चित्त्यांची चांगली पैदास होत होती. १९८२ साली तिथे मांजरांमधला एक करोना विषाणू शिरला. हा शब्द आज आपल्याला वेगळा शिकवावा लागत नाही. पाळीव मांजरांत या विषाणूनं गंभीर आजार होण्याचं प्रमाण शंभरात एखादं. त्या उद्यानातले चित्ते मात्र एकामागून एक आजारी पडले आणि तीन वर्षांत सुमारे ६० टक्के चित्ते मेले. मांजराच्या घरात शंभर वेगवेगळे द्रोण असतात, त्यामुळे विषाणूला प्रत्येक घरी नव्यानं झगडावं लागतं. चित्त्यांच्या घरोघरी एकच द्रोण. एका दाराची किल्ली मिळाली, की सगळी दारं उघडली. १९८५ साली ओब्रायन यांनी ही साथ आणि ती रुजलेली ठिगळं एकाच लेखात शेजारी शेजारी मांडली. दोन्हींचा संबंध असू शकतो, असं त्यांनी जपून म्हटलं, पण वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजलं.

चित्ते असे एकसारखे का झाले? साधारण १० ते १२ हजार वर्षांपूर्वी, हिमयुग संपताना, ते मरता मरता मूठभर उरले असावेत आणि आजचे सगळे चित्ते त्या मूठभरांची लेकरं असावीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. २०१५ साली चित्त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यातही ही खूण दिसली, आणि त्याआधीच्या, एक लाख वर्षांमागच्या अशाच एका संकटाचीही.

गोष्ट इथेच संपवली असती, तर ती फार सोपी झाली असती. पण शास्त्रज्ञ एकमेकांना सहज सोडत नाहीत. १९९४ साली टिम कॅरो आणि कॅरन लॉरेन्सन यांनी सेरेंगेटीच्या माळावरचा अनुभव मांडला. तिथे चित्त्यांची पिल्लं मोठ्या संख्येनं मरतात ती प्रामुख्यानं सिंह आणि तरस यांच्या तोंडी जाऊन, जनुकांमुळे नव्हे. जनुकांच्या नादात रानातल्या शत्रूंकडे दुर्लक्ष करू नका, असं त्यांचं सांगणं होतं. २०११ साली नामिबियातल्या १४९ चित्त्यांची हीच जनुकं तपासली गेली. आधी वाटलं होतं तितकी ती एकसारखी नव्हती. एका गटातल्या जनुकांचे दहा प्रकार मिळाले, दुसऱ्या गटातले चार. आणि तिथले रानातले चित्ते तब्येतीनं ठणठणीत होते. म्हणजे चित्त्याचं घर अगदीच रिकामं नाही. थोडे द्रोण अजून फळीवर आहेत. पण माणसाच्या ४० हजारांपुढे ते किती थोडे!

१७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातल्या कुनो इथे नामिबियाहून आठ चित्ते आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा आले. दूरचित्रवाणीवर ते पिंजऱ्यातून बाहेर पडताना मी पाहिले आणि आजोबा आठवले. पुढे त्यातले काही दगावले. पहिल्या पावसाळ्यात गळ्यातल्या पट्ट्याखाली जखमा होऊन, त्या चिघळून काही मेले. तिथे जनुकांपेक्षा ओलावा आणि किडे भारी ठरले. कॅरो-लॉरेन्सन यांची ताकीद मला तेव्हा आठवली. पण दोन वेगवेगळ्या देशांतले चित्ते आणले गेले, याचं मोल मला आता वेगळं कळतं. तिथे जन्मणाऱ्या पिल्लाच्या गाठोड्यात दोन घरांतले द्रोण असू शकतात.

याच कुनोच्या रानात आधी सिंह यायचे होते. गीरचे सिंह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजकेच उरले होते. १९८७ साली ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी त्यांचंही रक्त तपासलं, तेव्हा तिथेही चित्त्यांसारखंच साम्य आढळलं. सगळे सिंह एकाच रानात असू नयेत म्हणून २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं काही सिंह कुनोला हलवायला सांगितलं. ते हलले नाहीत. २०१८ साली गीरमध्ये कुत्र्यांमधल्या डिस्टेंपर या रोगाच्या विषाणूनं गाठलं आणि काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले. साथ पसरण्याआधी उरलेल्या सिंहांना लस टोचावी लागली. बार हार्बरच्या उंदरांना दुसरं घर होतं. गीरच्या सिंहांना ते अजून मिळायचं आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं चार पायांच्या प्राण्यांनी दिलं. ज्या वेगळेपणामुळे मी भावाच्या कामी आलो नाही, त्याच वेगळेपणामुळे आमच्यासारखी कोट्यवधी माणसं पटकी, देवी, प्लेग यांच्यातून पार होऊन इथवर आली. सगळे सारखे असते तर देणंघेणं फार सोपं झालं असतं. पण मग एखाद्या साथीनंतर द्यायला आणि घ्यायला कोण उरलं असतं, हा प्रश्न आहे. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. आता तो माझा अपमान वाटत नाही.

भाऊ बरा आहे. मज्जा आपाची, म्हणून त्याचा रक्तगटही बदलून आपाचाच झाला. आधी तो बी होता, आता ओ आहे. ईदला आम्ही तिघं जमतो तेव्हा आपा त्याला हक्कानं दटावते, "जास्त बोलू नकोस, रक्त माझं आहे." तो गप्प बसतो. मग माझ्याकडे बघून म्हणतो, "आणि भाईजान, तुमचे ते आफ्रिकेतले मावसभाऊ काय म्हणतायत?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)